एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन संगीताचा इतिहास म्हटला की आपल्याकडची चर्चा बेसी स्मिथ, बिली हॉलिडे, मेरियन अँडरसन यांच्यापासून सुरू होते. त्यांच्या आधीच्या पन्नास-साठ वर्षांत ज्यांनी मोठमोठी सभागृहं भरवली, त्या गायिकांची नावं संगीताच्या जाणकारांनाही चटकन आठवत नाहीत. त्यांच्याबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या गायिका नेमक्या कोण? चार-पाच नावं सांगा, म्हणजे सुरुवात करता येईल.

काळाच्या क्रमानं जायचं तर पहिलं नाव एलिझाबेथ टेलर ग्रीनफील्ड यांचं. मिसिसिपीतल्या नॅचेझ इथे गुलामीत जन्म, फिलाडेल्फियात वाढ आणि १८५१ पासून जाहीर कार्यक्रम. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या हायर्स भगिनी, अॅना मडा आणि एम्मा लुईस. १८७८ मध्ये व्हाइट हाउसमध्ये गायलेल्या मेरी सेलिका विल्यम्स. मंद्रापासून तारापर्यंत सहज फिरणाऱ्या आवाजाच्या फ्लोरा बॅटसन. आणि शतकाच्या शेवटी या सगळ्यांत जास्त नाव कमावलेल्या सिसिएरेटा जोन्स.

यांच्याच बरोबरीनं नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली सिंगर्समधल्या एला शेपर्ड, मॅगी पोर्टर, जेनी जॅक्सन यांना धरायला हवं. त्यांचं संगीत वेगळ्या वळणाचं होतं, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रश्न ठेवला आहे (प्रश्न १३).

२. म्हणजे या सगळ्या ब्लूज किंवा चर्चमधली गाणी गात होत्या ना?

नाही. सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आहे. ग्रीनफील्ड, सेलिका, हायर्स भगिनी, जोन्स या सगळ्या युरोपीय पद्धतीनं तयार झालेल्या गायिका होत्या. व्हर्दी, बेल्लिनी, दोनिझेत्ती यांच्या ऑपेरांतली पदं, धार्मिक रचना आणि त्या काळी घरोघरी गायली जाणारी इंग्रजी गीतं असा त्यांचा कार्यक्रम असे. ब्लूज हा प्रकार ध्वनिमुद्रिकांवर आला तोच मुळी १९२० मध्ये, मॅमी स्मिथ यांच्या आवाजात. तोवर ग्रीनफील्ड यांना जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. कृष्णवर्णीय बाई म्हणजे लोकगीतं, दुःखाची गाणी, चर्चचा कोरस, हीच अपेक्षा त्या काळच्या गोऱ्या श्रोत्यांचीही होती, आणि तिच्याविरुद्ध या बायका आयुष्यभर गात राहिल्या. आज आपणही त्यांना त्याच खणात टाकलं, तर त्यांनी जे सिद्ध करून दाखवलं तेच आपण पुसून टाकतो.

३. गुलामगिरीच्या काळात त्यांना संगीताचं शिक्षण मिळालं तरी कसं?

प्रत्येकीची वाट वेगळी आहे. ग्रीनफील्ड लहान असताना त्यांची मालकीण फिलाडेल्फियाला आली, क्वेकर पंथात गेली आणि तिनं आपल्या गुलामांना मुक्त केलं. मुलगी तिच्याच आश्रयाला वाढली. क्वेकर पंथाला संगीताचं वावडं. त्यामुळे ग्रीनफील्ड यांचं सुरुवातीचं शिक्षण बरंचसं स्वतःच्या बळावर झालं. मालकिणीनं मृत्युपत्रात त्यांच्यासाठी तजवीज केली होती, पण त्या मृत्युपत्रावरून वाद झाला आणि गाणं हाच पोटापाण्याचा आधार उरला.

हायर्स भगिनी गुलामगिरी नसलेल्या राज्यात, संगीताची आवड असलेल्या घरात जन्मल्या. आईवडिलांनी सुरुवात करून दिली आणि मग ह्यूगो सँक आणि ऑपेरा गायिका जोसेफीन दॉर्मी यांच्याकडे शिकवणी लावली. सिसिएरेटा जोन्स यांचा जन्म व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा. कुटुंब र्‍होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला आलं आणि तिथल्या संगीत अकादमीत त्या शिकल्या.

या सगळ्यांच्या मागे एक संस्था कायम दिसते, ती म्हणजे कृष्णवर्णीयांची चर्च. तिथे ऑर्गन असे, गायनवृंद असे, वर्गणी काढून कार्यक्रम ठरवणारी माणसं असत आणि कान तयार असलेला श्रोता असे. फिलाडेल्फिया, बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, वॉशिंग्टन या शहरांची नावं या चरित्रांत सारखी येतात, त्याचं कारण बरंचसं हेच.

४. ग्रीनफील्ड यांना ‘ब्लॅक स्वान’ का म्हणत?

जेनी लिंड यांच्यामुळे. ‘स्वीडिश नाइटिंगेल’ म्हणून गाजलेल्या या गायिकेला करमणुकीचा धंदा करणारे पी. टी. बार्नम यांनी १८५० मध्ये अमेरिकेत आणलं आणि देशभर वेड लागल्यासारखं झालं. पुढच्याच वर्षी बफेलो इथे ग्रीनफील्ड यांचे कार्यक्रम झाले आणि त्यांनाही पक्ष्याचंच नाव मिळालं. पुढे हीच पद्धत चालू राहिली. ग्रीनफील्ड यांचे शिष्य टॉमस बॉवर्स यांना इटालियन गायक मारियो यांच्यावरून ‘कलर्ड मारियो’ म्हटलं गेलं, आणि सिसिएरेटा जोन्स यांना ऑपेरा गायिका आदेलिना पात्ती यांच्यावरून ‘ब्लॅक पॅटी’.

अशा नावांनी तिकिटं खपत, हे खरं. पण कलाकाराची ओळख कायम दुसऱ्या कुणाची तरी काळी आवृत्ती अशीच राहते. म्हणून या पानावर मी त्यांची खरी नावं वापरली आहेत. टोपणनावं समजावण्यापुरती किंवा मंडळीच्या नावात असतील तिथेच येतात.

५. ग्रीनफील्ड यांचा आवाज खरंच इतका विलक्षण होता, की ती जाहिरातबाजी?

आवाजाचा पल्ला तीन सप्तकांहून अधिक होता, आणि हे एका-दोघांनी नव्हे, अनेक शहरांतल्या समीक्षकांनी लिहून ठेवलं आहे. सर्वांत जास्त चर्चा खालच्या सुरांची होई. सोप्रानोच्या उंचीवर गाणारी ही बाई खाली उतरत पुरुषी बॅरिटोनपर्यंत जाई आणि श्रोते चक्रावून जात. तालमीत कच्चेपणा आहे, अशी टीकाही झाली. शिक्षण कसं झालं ते पाहता (प्रश्न ३) ती अगदी निराधार नसावी.

परीक्षणं वाचताना एक गोष्ट मात्र अस्वस्थ करते. गायिकेकडे न पाहता ऐकलं तेव्हा आवाजातला गोडवा पटला, अशा अर्थाचं लिहिणारे समीक्षकही होते. म्हणजे कानांना जे ऐकू येत होतं ते डोळे मान्य करू देत नव्हते. त्या काळच्या परीक्षणांतून आवाजाबद्दल जितकं कळतं, तितकंच ऐकणाऱ्याबद्दलही कळतं.

६. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात कृष्णवर्णीयांनाच प्रवेश नव्हता हे खरं का? मग ग्रीनफील्ड यांनी तो स्वीकारला कसा?

खरं आहे. ३१ मार्च १८५३, मेट्रोपोलिटन हॉल. सुमारे चार हजार श्रोते, सगळे गोरे. कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही असं आधीच जाहीर केलेलं होतं. सभागृह जाळून टाकू अशा धमक्या आल्या होत्या, म्हणून पोलिसांचा बंदोबस्त होता. मंचावर त्यांना घेऊन येणारा गृहस्थ त्यांच्या हाताला स्पर्श करायलाही कचरत होता, असं तेव्हाच्या वृत्तपत्रात आलं. श्रोत्यांतून हसू फुटलं. आणि अशा वातावरणात त्या गायल्या.

दौऱ्याची सूत्रं कर्नल जे. एच. वुड या व्यवस्थापकाच्या हातात होती आणि प्रवेशबंदी हे त्याचं धोरण होतं. कृष्णवर्णीय नेत्यांनी ग्रीनफील्ड यांच्यावर उघड टीका केली, आणि त्या टीकेत तथ्य होतं. पण गुलामीतून सुटलेल्या, एकट्या बाईच्या हातात व्यवस्थापकाला नकार देण्याची ताकद किती होती, हेही पाहायला हवं. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा तेव्हा लागू होता आणि उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही पकडून नेलं जाण्याची धास्ती होती. त्यांनी माफी मागितली आणि नंतर न्यूयॉर्कच्याच ब्रॉडवे टॅबरनॅकलमध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी वेगळा कार्यक्रम केला. त्याचं उत्पन्न कृष्णवर्णीय वृद्धांच्या आणि अनाथ मुलांच्या आश्रमांना दिलं. माझ्या लेखी हे भरपाईपेक्षा जास्त आहे. आपण कोणासाठी गातो हे त्यांनी स्वतःच्या कृतीतून सांगितलं.

७. राणी व्हिक्टोरियासमोर त्या गायल्या, म्हणजे पुढे सगळं सुरळीत झालं असेल ना?

तसं झालं नाही. १८५३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, पण ज्या व्यवस्थापकाच्या भरवशावर गेल्या होत्या त्यानं त्यांना वाऱ्यावर सोडलं. परक्या देशात, हाती पैसा नाही. तेव्हा लंडनमध्येच असलेल्या, ‘अंकल टॉम्स केबिन’च्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो आणि डचेस ऑफ सदरलँड यांनी मदत केली. डचेसच्या स्टॅफर्ड हाउसमध्ये गाणं झालं. राजदरबाराशी संबंधित ज्येष्ठ संगीतकार सर जॉर्ज स्मार्ट यांनी त्यांचा आवाज पारखला आणि मार्गदर्शनही केलं. १० मे १८५४ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात राणीसमोर त्या गायल्या.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. पुढची वर्षं फिलाडेल्फियात गाणं शिकवण्यात, चर्चचा गायनवृंद सांभाळण्यात आणि १८६० च्या दशकात स्वतःचं ऑपेरा पथक चालवण्यात गेली. ३१ मार्च १८७६ रोजी त्या वारल्या. राजवाड्यातल्या संध्याकाळीचं सगळे सांगतात, पण माझ्या मते ही शेवटची वीस वर्षं जास्त मोलाची आहेत. पुढची पिढी त्यांनी स्वतः तयार केली.

८. मिन्स्ट्रेल शो आणि या गायिकांचे कार्यक्रम यांत फरक काय?

मिन्स्ट्रेल शोमध्ये गोरे नट तोंडाला काळं फासून गुलामांची टिंगल करत. एकोणिसाव्या शतकातला हा अमेरिकेतला सर्वांत लोकप्रिय करमणूक प्रकार. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांच्याही मिन्स्ट्रेल मंडळ्या निघाल्या, कारण रंगभूमीवर पोट भरायचं तर बहुतेकांना दुसरं दार उघडंच नव्हतं. सिसिएरेटा जोन्स किंवा मेरी सेलिका रेशमी पोशाखात, गंभीरपणे, इटालियन भाषेत गाऊ लागल्या की तेच त्या चित्राला दिलेलं उत्तर असे. पण श्रोते बहुधा दोन्हीकडे जाणारेच, आणि म्हणूनच ग्रीनफील्ड यांच्या पहिल्या सुराआधी हसू फुटत होतं.

९. हायर्स भगिनींबद्दल इतकं कमी का वाचायला मिळतं?

दोन इतिहासांच्या मधल्या फटीत त्या पडल्या. संगीताचे अभ्यासक त्यांना नाटकवाल्या समजले आणि नाटकाचे अभ्यासक गायिका. प्रत्यक्षात त्या दोन्ही होत्या.

२२ एप्रिल १८६७ रोजी सॅक्रामेंटोच्या मेट्रोपोलिटन थिएटरात त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा दोघी बारा वर्षांच्या आतबाहेरच्या होत्या. अॅना मडा सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या, एम्मा लुईस कॉन्ट्राल्टो, म्हणजे खालच्या आवाजाच्या. सुरुवातीचा सगळा भर ऑपेरातल्या पदांवर. १८७१ मध्ये वडील सॅम्युएल हायर्स यांच्या व्यवस्थापनाखाली दौऱ्यावर निघून सॉल्ट लेक सिटीमार्गे त्या पूर्वेकडच्या शहरांत पोहोचल्या आणि १८७२ च्या बॉस्टनच्या भव्य शांतता महोत्सवात गायल्या.

खरी उडी पुढची. १८७६ मध्ये त्यांनी ‘आउट ऑफ बाँडेज’ हे संगीत नाटक रंगमंचावर आणलं. गुलामीपासून सुरू होऊन मुक्तीनंतर उत्तरेत स्थिरावलेल्या, गाण्यावर जगणाऱ्या माणसांपर्यंत त्याचं कथानक जातं. नंतर आफ्रिकन राजकन्येची गोष्ट सांगणारं ‘उर्लिना’ आलं. लेखिका पॉलीन हॉपकिन्स यांचं गुलामांच्या पलायनावरचं संगीत नाटकही त्यांच्याच मंडळीनं केलं. गुलामीतून सुटका हा विषय, कृष्णवर्णीय कलाकार, टिंगल नाही, आणि हे सगळं १८७० च्या दशकात. अमेरिकन संगीत रंगभूमीचा इतिहास लिहिताना सुरुवातीची पानं या दोघींना द्यायला हवीत असं मला ठामपणे वाटतं. अॅना मडा पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत गाऊन आल्या.

१०. मेरी सेलिका व्हाइट हाउसमध्ये गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार होत्या का?

असं सर्रास लिहिलं जातं, पण वाक्य नीट करायला हवं. ‘ब्लाइंड टॉम’ या नावानं ओळखला जाणारा अंध बालपियानोवादक टॉमस विगिन्स १८६० च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांच्यासमोर वाजवून गेला होता, तोही गुलाम असताना. म्हणून ‘पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार’ म्हणू नये. स्वतंत्र नागरिक म्हणून, स्वतःचा शास्त्रोक्त गायनाचा कार्यक्रम सादर करणाऱ्या पहिल्या गायिका, असं म्हणणं रास्त.

तो दिवस १३ नोव्हेंबर १८७८. राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज आणि त्यांच्या पत्नी लूसी श्रोते, आणि परिचय करून द्यायला खुद्द कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस. सेलिका यांनी व्हर्दीच्या ‘एर्नानी’तलं अवघड पद घेतलं, ‘द लास्ट रोज ऑफ समर’ हे लाडकं गीत म्हटलं आणि मुल्डर यांची ‘स्टकाटो पोल्का’ गायल्या. तुटक, टोकदार सुरांच्या या रचनेवर त्यांची इतकी हुकमत होती की ‘क्वीन ऑफ स्टकाटो’ हे बिरुद त्यांना कायमचं चिकटलं. निवड पाहा: एक कस लावणारं, एक सगळ्यांच्या ओळखीचं आणि एक निव्वळ स्वतःचं. पाहुण्यांची परीक्षाही घेतली आणि त्यांना सांभाळूनही घेतलं.

११. ‘सेलिका’ हे खरं नाव आहे का? आणि त्यांचे पती हवाईचे होते का?

दोन्हींचं उत्तर नाही. सेलिका ही मायरबेअर यांच्या ‘ल आफ्रिकेन’ या ऑपेराची नायिका, युरोपीयांच्या कैदेत सापडलेली राणी. कृष्णवर्णीय गायिकेनं ऑपेरातूनच आपल्यासाठी राणीचं नाव उचलावं, यात मला विचारपूर्वक केलेली निवड दिसते. पती सॅम्पसन विल्यम्स हेही गायक. ते ‘सिन्योर व्हेलोस्को’ हे नाव लावून हवाईचे म्हणून मंचावर येत. परदेशी वाटणाऱ्या कलाकाराला थोडी जास्त मोकळीक मिळे.

सेलिका १८८३ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये गायल्या. उतारवयात न्यूयॉर्कच्या मार्टिन-स्मिथ संगीतशाळेत त्यांनी शिकवलं. १९३७ मध्ये त्या वारल्या.

१२. सिसिएरेटा जोन्स यांच्याबद्दल सविस्तर सांगाल का? कार्नेगी हॉल, द्वोर्झाक, राष्ट्राध्यक्ष, सगळंच ऐकलं आहे.

१८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टाइनवे हॉलमध्ये त्या गायल्या आणि त्याच वर्षी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेल्या. १८९२ हे वर्ष त्यांचं. फेब्रुवारीत व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्यासमोर गाणं, एप्रिलमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा महोत्सव आणि १५ जूनला न्यूयॉर्कच्या म्युझिक हॉलमध्ये कार्यक्रम. हेच सभागृह पुढे कार्नेगी हॉल म्हणून ओळखलं गेलं, आणि तिथे गाणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन. हॅरिसननंतर क्लीव्हलंड, मॅकिन्ली आणि थिओडोर रूझवेल्ट या राष्ट्राध्यक्षांसमोरही त्या गायल्या.

चेक संगीतकार द्वोर्झाक यांचा प्रसंग २३ जानेवारी १८९४ चा. तेव्हा ते न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे संचालक होते. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतूनच अमेरिकेचं स्वतःचं संगीत उभं राहील, असं त्यांनी आदल्या वर्षी जाहीरपणे म्हटलं होतं. गरिबांच्या कपड्यांच्या निधीसाठी झालेल्या या कार्यक्रमात स्टीफन फॉस्टर यांच्या ‘ओल्ड फोक्स अॅट होम’ची द्वोर्झाक यांनी केलेली मांडणी सादर झाली. एकल गायक दोन, सिसिएरेटा जोन्स आणि द्वोर्झाक यांच्या सहवासात घडलेले हॅरी बर्ली.

त्यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. छातीवर, अगदी दाटीवाटीनं, पदकंच पदकं. वेगवेगळ्या ठिकाणी मिळालेली ही पदकं त्या मंचावर आवर्जून लावत. लोक त्याला हौस म्हणतात. मला त्यात दुसरं काही दिसतं: जिच्या कलेला मान्यतेचा शिक्का द्यायला मोठ्या संस्था तयार नव्हत्या, तिनं आपली प्रशस्तिपत्रं स्वतःच्या अंगावर मिरवली. म्हातारपणी पैशांची चणचण भासली तेव्हा त्यातली बरीचशी विकावी लागली. २४ जून १९३३ रोजी प्रॉव्हिडन्समध्ये त्या वारल्या. थडग्यावर नाव नव्हतं. नावाचा दगड बसला तो २०१८ मध्ये.

१३. फिस्क ज्युबिली सिंगर्समध्ये बायकांचं स्थान काय होतं?

मध्यवर्ती. फिस्क विद्यापीठ पैशांअभावी बंद पडायच्या बेताला आलं होतं. ऑक्टोबर १८७१ मध्ये जॉर्ज व्हाइट हे खजिनदार विद्यार्थ्यांचा गायनवृंद घेऊन निधी गोळा करायला बाहेर पडले. गाणाऱ्यांपैकी बहुतेक जण गुलामीत जन्मलेले, आणि निम्म्याहून अधिक मुली. पियानो आणि तालमी सांभाळत होत्या एला शेपर्ड. गुलामांच्या वस्तीतली आणि प्रार्थनांतली गाणी गोळा करणं, ती लिहून घेणं, वृंदाला बसवून देणं यात त्यांचा वाटा फार मोठा. व्हाइट यांचं नाव पुढे राहिलं, एलांचं मागे पडलं.

त्यांचं स्वतःचं आयुष्य त्या गाण्यांपासून दूर नव्हतं. वडिलांनी पैसे भरून एलाला सोडवलं, पण आई गुलामीतच राहिली आणि ताटातूट झाली. युद्धानंतर एलांनी आईचा शोध घेतला आणि तिला नॅशव्हिलला आणलं. १८७३ मध्ये हा वृंद ब्रिटनला गेला, राणीसमोर गायला, आणि दौऱ्यांच्या पैशांतून उभा राहिलेला ज्युबिली हॉल आजही नॅशव्हिलमध्ये आहे.

१४. जोन्स इतक्या मोठ्या गायिका होत्या, तर ऑपेरात नायिका म्हणून का दिसल्या नाहीत?

घेतलं नाही म्हणून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात कृष्णवर्णीय गायिका प्रमुख कलाकारांत उभी राहिली ती ७ जानेवारी १९५५ रोजी, मेरियन अँडरसन यांच्या रूपानं. जोन्स यांच्या मृत्यूनंतर जेमतेम महिनाभरात, जुलै १९३३ मध्ये, कॅटेरिना जार्बोरो न्यूयॉर्कच्या हिपोड्रोममध्ये एका गोऱ्या ऑपेरा मंडळीबरोबर ‘आइदा’ गायल्या. इतकं थोडक्यात हुकलं.

१५. मग ‘ब्लॅक पॅटी ट्रूबाडूर्स’ ही तडजोड होती का? त्यात हलकेफुलके विनोदी प्रवेशही असत म्हणे.

असत. १८९६ मध्ये निघालेल्या या मंडळीच्या खेळाची सुरुवात विनोदी नाटुकल्यानं होई. मग नाच आणि वेगवेगळे करमणुकीचे प्रकार. शेवटी ‘ऑपेरॅटिक कलायडोस्कोप’ या नावाचा भाग: वेशभूषा, नेपथ्य, वृंद आणि ऑपेरांतले निवडक प्रवेश, मध्यभागी जोन्स. विनोदी भागांतली भाषा आणि चित्रण आज वाचवत नाही, मिन्स्ट्रेलचा वारसा (प्रश्न ८) तिथे उघड दिसतो.

पण १८९६ हेच वर्ष ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयानं वंशभेदाला मान्यता दिल्याचं. त्याआधी १८९३ मध्ये व्यवस्थापक मेजर पाँड यांच्याबरोबरच्या करारातून सुटू पाहणाऱ्या जोन्स यांच्या विरोधात न्यूयॉर्कच्या न्यायालयानं निकाल दिला होता. ऑपेराची दारं बंद, मैफलींचं उत्पन्न अनिश्चित. अशा परिस्थितीत सुमारे वीस वर्षं त्या दरवर्षी गावोगाव फिरल्या, कित्येक कृष्णवर्णीय कलाकारांना नियमित काम मिळालं आणि ज्या श्रोत्यांनी ऑपेराचं सभागृह आतून कधी पाहिलं नव्हतं त्यांना त्या रोज ऑपेरा ऐकवत राहिल्या. तडजोड होती, पण अटी त्यांनी एकटीनं ठरवलेल्या नव्हत्या, आणि त्या अटींतही त्यांनी आपला भाग कधी सोडला नाही.

१६. फ्लोरा बॅटसन यांना ‘दोन आवाजांची राणी’ का म्हणत?

सोप्रानोपासून पुरुषी बॅरिटोनपर्यंत आवाज जाई म्हणून. ग्रीनफील्ड यांच्या बाबतीतही हेच कौतुक होतं (प्रश्न ५). १८८० च्या दशकात ‘बर्गन स्टार कॉन्सर्ट्स’ या मंडळीच्या त्या मुख्य आकर्षण होत्या. १८८७ मध्ये त्यांनी मंडळीचे गोरे व्यवस्थापक जे. जी. बर्गन यांच्याशी लग्न केलं आणि गाण्यापेक्षा त्या लग्नाच्याच बातम्या जास्त झाल्या. पुढे ऑस्ट्रेलियातही त्यांचे दौरे झाले. १९०६ मध्ये त्या वारल्या.

१७. यांच्यापैकी कुणाचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळेल का?

नाही. ग्रीनफील्ड वारल्या १८७६ मध्ये आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. सेलिका आणि जोन्स ध्वनिमुद्रणाच्या युगातही हयात होत्या, पण त्यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. तेव्हाच्या कंपन्यांना कृष्णवर्णीय कलाकारांकडून विनोदी गाणी हवी होती, व्हर्दी नको होता.

इंटरनेटवर ‘सिसिएरेटा जोन्स यांचा खरा आवाज’ अशा शीर्षकाचं काही दिसलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं समजा. एक आठवण मात्र ध्वनिमुद्रिकांवर उरली: १९२१ मध्ये हॅरी पेस यांनी कृष्णवर्णीयांच्या मालकीची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली आणि ग्रीनफील्ड यांच्या आठवणीत तिचं नाव ‘ब्लॅक स्वान’ ठेवलं.

१८. प्रत्येक ठिकाणी जन्मवर्ष वेगळं का दिसतं?

ग्रीनफील्ड यांचं जन्मवर्ष कुठे १८०९, कुठे १८१९, कुठे १८२४ असं सापडेल. गुलामांच्या जन्माची नोंद नावानिशी ठेवण्याची गरज कुणाला वाटत नव्हती. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, आणि त्याखाली गुलामांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्यात भर म्हणजे मंचावरच्या कलाकाराचं वय कमी सांगण्याची रीत. त्यामुळे लिहिताना ‘सुमारे’ हा शब्द वापरा आणि एकच वर्ष छातीठोकपणे देऊ नका.

१९. ‘पहिली’ हे विशेषण कितपत विश्वासार्ह आहे?

जपून घ्यावं. व्हाइट हाउसचं उदाहरण वर आलंच (प्रश्न १०). ग्रीनफील्ड यांनाही इंग्लंडमध्ये नाव कमावणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन कलाकार म्हणतात, पण फिलाडेल्फियाचे वाद्यवृंदप्रमुख फ्रान्सिस जॉन्सन आपली मंडळी घेऊन १८३७ मध्येच तिकडे गेले होते.

मला दुसरीच गोष्ट जास्त खटकते. ‘पहिली’ म्हटलं की आधी कुणी नव्हतं आणि सोबतही कुणी नव्हतं असं वाटतं. प्रत्यक्षात जोन्स गात होत्या तेव्हा सेलिका गात होत्या, बॅटसन गात होत्या, न्यू हॅम्पशरमध्ये जन्मलेल्या नेली ब्राउन मिचेल बॉस्टनच्या परिसरात गात होत्या. वॉशिंग्टनच्या अमेलिया टिल्घमन यांनी तर १८८६ मध्ये ‘द म्युझिकल मेसेंजर’ हे कृष्णवर्णीयांच्या संगीताला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. ही एकट्यादुकट्या बाईची गोष्ट नाही.

२०. इतकी कीर्ती असताना विस्मरण कसं झालं?

आवाज उरला नाही (प्रश्न १७). ऑपेराच्या नोंदींत नावं शिरली नाहीत (प्रश्न १४). विसाव्या शतकात जॅझ आणि ब्लूजला मान मिळाला, तेव्हा ‘अस्सल’ कृष्णवर्णीय संगीत ते, आणि ऑपेरा गाणारी बाई म्हणजे गोऱ्यांची नक्कल, असा नवा समज पसरला. एका बाजूला रंग आडवा आला, दुसऱ्या बाजूला सूर.

जे टिकलं ते एका माणसाच्या मेहनतीमुळे बरंच टिकलं. जेम्स मनरो ट्रॉटर हे स्वतः गुलामीत जन्मलेले, यादवी युद्धात लढलेले. त्यांनी १८७८ मध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांची चरित्रं ग्रंथरूपात आणली. ग्रीनफील्ड, हायर्स भगिनी, नेली ब्राउन यांच्यावर त्यात प्रकरणं आहेत आणि विरून गेली असती अशी कितीतरी वृत्तपत्रीय परीक्षणं त्यांनी उतरवून ठेवली आहेत.

२१. भारताशी किंवा महाराष्ट्राशी याचा काही संबंध येतो का?

थोडासा, पण खरा. फिस्कच्या परंपरेतले गायक फ्रेडरिक लाउडिन यांनी आपली ज्युबिली मंडळी घेऊन १८८४ ते १८९० असा जगाचा दौरा केला. त्यात त्यांनी भारतातही कार्यक्रम केले आणि आग्र्याला ताजमहालात जाऊन गायले. मंडळीत स्त्री-पुरुष दोन्ही होते.

महाराष्ट्राच्या बाजूनं एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी. ज्योतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं त्यांना अर्पण केली, ती १८७३ मध्ये. फिस्कचा वृंद त्याच वर्षी ब्रिटनमध्ये गात होता. या दोन घटनांची एकमेकांशी गाठ पडली असा पुरावा नाही, आणि तसा दावा कुणी पाठवला तर पुढे ढकलू नका.

२२. स्वतः शोध घ्यायचा असेल तर कुठून सुरुवात करू?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जुनी वृत्तपत्रं आणि नाटकमंडळ्यांची भित्तिपत्रकं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. ब्लॅक पॅटी ट्रूबाडूर्सचं १८९९ चं भित्तिपत्रकही तिथे मिळतं. जोन्स यांची कात्रणवही हॉवर्ड विद्यापीठाच्या मूरलँड-स्पिंगार्न संग्रहात आहे.

शोधताना खऱ्या नावावर थांबू नका, टोपणनाव टाका, कारण वृत्तपत्रं बहुधा तेच छापत. सेलिका यांच्यासाठी ‘मादाम सेलिका’, जोन्स यांच्यासाठी ‘मादाम जोन्स’ आणि ‘ब्लॅक पॅटी’ दोन्ही पाहा. सिसिएरेटाचं स्पेलिंग त्या काळी हवं तसं केलेलं आढळतं, त्यामुळे दोन-तीन पर्याय करून पाहावेत. आणि कृष्णवर्णीयांनी चालवलेली साप्ताहिकं आधी उघडा, उदाहरणार्थ ‘न्यूयॉर्क एज’ किंवा ‘इंडियानापोलिस फ्रीमन’. गोऱ्यांच्या दैनिकांत दोन ओळींत उरकलेल्या कार्यक्रमाचं सविस्तर वर्णन तिथे मिळण्याची शक्यता जास्त.